रिफिल काउंटरवरचा कल्याणप्पा

आमचा वॉटर पार्क नळदुर्गच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून आहे. मी तिथे हिशेब पाहतो. थोड्याच दिवसांत निवृत्त होईन. इतक्या वर्षांत पुष्कळ माणसं आली आणि गेली, पण कल्याणप्पाबद्दल लिहून ठेवावं असं वाटतं.

कल्याणप्पाची पूर्वी हमरस्त्यावर रसवंती होती. रस्ता चौपदरी झाला, गाड्या भरधाव निघून जाऊ लागल्या आणि चरकाचे घुंगरू बंद पडले. मग तो आमच्याकडे आला. कपाळावर भस्माचे पट्टे आणि बोलण्यात अधूनमधून कानडी शब्द. रस विकलेला माणूस, म्हणून त्याला सरबताच्या काउंटरवर नेमलं.

ह्या काउंटरची पद्धत सोपी आहे. आत येताना एक ग्लास विकत घ्यायचा, मग दिवसभर हवं तितक्या वेळा भरून प्यायचं. मशीनला नळ आहेत: लिंबू, कोकम, संत्रं आणि साधं गार पाणी. ग्लास नळामागच्या पट्टीला टेकवला की धार सुरू होते. कालचा ग्लास कोणी आज आणू नये म्हणून रोज रंग बदलतो. गिऱ्हाईक आपलं आपण भरून घेतं, तेव्हा माणसाचं काय काम, असं नव्या लोकांना वाटतं. पण सिरपचे कॅन बदलणं, बर्फ टाकणं, चिकट फरशी पुसणं, लाल मुंग्यांना हटवणं आणि कोणी सरबताने पाण्याची बाटली भरू लागला तर त्याला गोडीत थांबवणं, हे सगळं कल्याणप्पाच करायचा.

आमच्या व्यवस्थापक राजनंदिनी मॅडम पुण्याच्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या लक्षात आलं की एका ग्लासावर अख्खं कुटुंब पितं. आपल्याकडे भांडं तोंडाला न लावता वरून पिण्याची रीत. त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत एकच ग्लास फिरतो आणि तो कोणाचाच उष्टा होत नाही. मॅडमनी कल्याणप्पाला बोलावून विचारलं, "एका ग्लासावर एकानंच प्यायचं, हे तुम्ही सांगत का नाही?"

"सांगतो की मॅडम. पर वठ कुणाचाच लागंना ग्लासाला. मग ग्लास नेमका कुणाचा म्हणून धरू?"

मॅडम हसल्या आणि तो विषय तिथेच संपला. तहानलेल्या माणसाला अडवणं त्याला जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते चाललं.

असा हा माणूस घरी मात्र पाण्याचा पहारेकरी झाला होता.

त्याची बायको नागूबाई, अक्कलकोटकडची. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी सोलापूरला नेऊन डायलिसिस करायचं. उपचार फुकट होता, त्याची चिंता नव्हती. चिंता पाण्याची होती. प्यालेलं पाणी शरीराबाहेर पडत नाही, ते पायांत साठतं, मग छातीत चढतं. डॉक्टरांनी दिवसाचं पाणी एवढंसं बांधून दिलं होतं आणि बजावलं होतं, "कल्याणप्पा, ह्यांना आजाराचा नाही, पाण्याचा धोका आहे."

त्याने घरातला माठ उचलून शेजाऱ्याकडे ठेवला. स्वतः बाहेरूनच पाणी पिऊन मग उंबरा ओलांडायचा. तिच्यासमोर चहासुद्धा घेत नसे. नागूबाई झोपेत कानडीत पुटपुटायची, "नीरु कोड्री." पाणी द्या. सकाळी हे सांगताना तो माझ्याकडे न बघता बर्फ फोडत राहायचा.

संध्याकाळी तो घरी गेला की ती त्याचा हात ओढून शर्टाची बाही नाकाला लावायची. बाहीला दिवसभराचं लिंबू-कोकम लागलेलं असायचं. "आज संत्रं लई गेलं वाटतं," असं ती वासावरून ओळखायची. तेवढी एक चैन त्याने तिला ठेवली होती.

तो कामावर असताना मात्र घरी घात व्हायचा. शेजारणी येऊन बसत. घरी बसलेल्या आजारी बाईला कोण नाही म्हणणार? कोणी तांब्याभर पाणी द्यायची, कोणी ताक. कल्याणप्पा हात जोडून सांगून थकला. "वैद्य काय बी सांगत्यात, उन्हाळ्याचं घोटभर पान्यानं काय हुतंय?" हे त्यांचं उत्तर. एकदा तिला धाप लागून रात्रीच सोलापूर गाठावं लागलं.

मग एक दिवस तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, तिला हितं आणून बसवू का? काउंटरमागच्या खोलीत. माझ्या डोळ्यासमोर ऱ्हाईल."

"अरे, तहानलेल्या बाईला सरबताच्या मशीनशेजारी बसवतोस?"

"घरी समदं गाव पाजतंय. हितं पाजणारा मी एकटाच, अन् मी पाजणार न्हाय."

मॅडमनी परवानगी दिली. नागूबाई रोज त्याच्याबरोबर येऊ लागली. खोलीचं दार काउंटरकडे उघडायचं. ती दारात खुर्ची टाकून पदर तोंडाशी धरून बसायची आणि नळाखाली भरणारे ग्लास बघत राहायची. एकदा मी म्हटलं, "वहिनी, आत बसा, इथं त्रास होईल."

"त्रास कशाचा साहेब? टीव्ही बघितल्यागत हाय. दुसऱ्याचं जेवन बघून पोट भरत न्हाय, पर टाईम जातोय."

मे महिन्यातल्या एका रविवारी फार गर्दी झाली. कळंब, भूम भागातून टेम्पो भरून लोक आले होते. दुपारी लिंबाचं सिरप संपलं. शीतगृह काउंटरपासून लांब, आकाशपाळण्याच्या पलीकडे. कल्याणप्पा कॅन आणायला गेला. जाताना तो नागूबाईला म्हणाला, "बसून ऱ्हा बरं का."

ती म्हणाली, "जावा की. पळून जाते का मी?"

तो परत आला तेव्हा नागूबाई कोणीतरी टाकून दिलेला हिरवा ग्लास घेऊन कोकमच्या नळाशी उभी होती. एक ग्लास तिने संपवला होता, दुसरा भरत होता. कल्याणप्पाने कॅन तिथेच टाकला आणि तिच्या हातातून ग्लास हिसकावून घेतला. सरबत फरशीवर सांडलं.

भूमकडच्या ईट गावातून एका घोळक्याबरोबर आलेली उमाबाई नावाची धिप्पाड बाई मागेच उभी होती. तिने पाहिलं ते एवढंच, की काउंटरवरच्या माणसाने एका म्हाताऱ्या, वाळलेल्या बाईच्या हातातलं पाणी काढून घेतलं.

"अरं ए! माणूस हाईस का कोन? उन्हात बाई पित होती तर वढून घेतलंस?"

"तिला चालत न्हाय, बाई."

"पानी चालत न्हाय असं बी असतंय व्हय? का ग्लासाचं पैसं न्हाय दिलं म्हणून?"

"माझी बायकू हाय ती."

"मग तर आनखीनच शोभतंय! घरी बी असंच करतोस?"

आजूबाजूचे हसले. कोणीतरी ओरडलं, "मावशे, तू पी, बघू कोन आडवतंय." उमाबाईने आपला ग्लास पाण्याने भरला आणि म्हणाली, "धर गं वंजळ."

नागूबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग ओंजळ पुढे केली, मनगटाशी तोंड टेकवलं आणि डोळे मिटून पिऊ लागली. उमाबाई वरून धार धरत होती. तिचा ग्लास संपला तसा शेजारच्या पोराने आपला पुढे केला, मग आणखी कोणी. सगळे आपापल्या ग्लासातलं ओतू लागले. कल्याणप्पा मध्ये घुसला तर दोघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. "पाया पडतो तुमच्या. मरंल ती. देऊ नका," असं तो म्हणत राहिला. कोणाला खरं वाटलं नाही. नागूबाई आपण होऊन थांबली असती तर सगळं थांबलं असतं. ती थांबली नाही.

शेवटी त्याने हात सोडवून घेतला, काउंटरमागे उडी घेतली आणि मशीनचा मुख्य खटका खाली ओढला. सगळे नळ एकदम बंद झाले. रांगेतून आरडाओरडा उठला. मॅडम आणि मी कार्यालयातून धावत आलो. तोवर ग्लास काउंटरवर आपटणं सुरू झालं होतं.

"कल्याणप्पा, हे काय चालवलंय?" मॅडमनी विचारलं. त्याने फक्त बायकोकडे बोट दाखवलं.

नागूबाई फरशीवर बसली होती. लुगडं भिजलं होतं, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. तिचा श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला. मी उमाबाईला एका वाक्यात सांगितलं की ह्या बाईची मूत्रपिंडं गेलीत, पाणी तिला विषासारखं आहे. उमाबाईने तिचे सुजलेले पाय पाहिले. तिने आपल्या बोटाने पायावर दाबून पाहिलं. खड्डा पडला, तो भरून येईना.

"अगं बाई, मग तू तरी बोलायचं न्हाईस का?" उमाबाई रडू लागली.

पार्कच्या गाडीतून नागूबाईला सोलापूरला नेलं. ह्या खेपेला ती वाचली. डॉक्टरांनी मात्र कल्याणप्पाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय आता थकलं आहे, अशी दुसरी वेळ ती काढणार नाही.

तो कामावर आला तो थेट मॅडमकडे गेला. "मला त्या मशीनपाशी ठेवू नका. लोकांचं भरल्यालं ग्लास बघवत न्हाय." मॅडमनी त्याला गाड्या लावून घेण्याच्या कामावर बदललं. घरी त्याने नागूबाईच्या धाकट्या बहिणीला आणून ठेवलं. ती दाराला आतून कडी लावून बसायची आणि शेजारणींना खिडकीतूनच बोलून वाटेला लावायची. गाव नावं ठेवू लागलं, पण पाणी थांबलं.

थोड्याच दिवसांत कल्याणप्पा पुन्हा आला, ह्या वेळी माझ्याकडे. धुळीने भरलेला, उन्हाने करपलेला. मला वाटलं, काहीतरी वाईट बातमी आहे.

"साहेब, मॅडमला सांगा, मला काउंटरवर परत घ्या."

"तूच नको म्हणालास ना?"

"म्हणालो. पर ती बोलंना झालीय. काल तिच्यापाशी जाऊन बसलो तर तिनं बाही नाकाला लावली. मग म्हणाली, डिझेलचा वास येतोय. अन् भिंतीकडं त्वांड फिरवलं." तो थोडा वेळ टोपी चुरगाळत राहिला. "साहेब, तिला द्यायला माझ्यापाशी दुसरं काय हाय?"

मी मॅडमशी बोललो. तो परत काउंटरवर आला. आता तो कोणाशी फार बोलत नाही. लोक वरून पितात, एका ग्लासावर दहा जण पितात, तो बघतही नाही. सुट्टीची वेळ झाली की मशीन बंद करण्याआधी तो सरबताच्या तिन्ही नळांखाली आळीपाळीने आपली बाही धरतो. सगळ्यात जास्त वेळ कोकमच्या. मग ती बाही मनगटाशी घट्ट दुमडून घेतो आणि बस पकडायला निघतो.