पोत्यावरचे मांजर

संपादक तुरुंगात गेला, एवढे कानावर पडले की आम्हा मराठी माणसांचे हात आपोआप जोडले जातात. शाळेतल्या निबंधांतून, वक्तृत्व स्पर्धांतून, पुतळ्याच्या हारातल्या झेंडूच्या उग्र वासातून ही सवय अंगात मुरते. माझ्याही मुरली होती. म्हणून आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या आयरिश बाईंनी आपल्या पणजोबांची फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की ते खासदार होते, एका साप्ताहिकाचे मालक होते, आणि त्यात छापलेल्या मजकुरापायी तुरुंगात गेले होते, तेव्हा मी एकही कागद न वाचता त्यांच्या बाजूची झाले.

मी दुबई सिलिकॉन ओएसिसजवळच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. राहते अजमानला. पहाटे स्टाफच्या बसमध्ये काचेच्या बाहेर साचलेले दव ओघळताना पाहत येते आणि साडेसहाला ग्रंथालयाचे दार उघडते. त्या क्षणी बंद पुस्तकांचा आणि रात्रभर चाललेल्या एसीचा जो गार, किंचित गोड वास येतो, तो माझ्या दिवसाचा पहिला शब्द. मधल्या सुट्टीत बाई येत. त्यांचा चहा आपल्यासारखाच, दूध घातलेला आणि कडक. अकरा वर्षे आम्ही तो रोज एकत्र प्यायलो. जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या, आणि जाण्यापूर्वी पणजोबांवर सहा फलकांचे प्रदर्शन ग्रंथालयात लागावे, एवढीच त्यांची इच्छा होती. मजकूर मी लिहायचा. मी कविता लिहिते, म्हणून माझे इंग्रजी गद्यही कवितेच्या चालीने चालते, अशी त्या थट्टा करीत. या कामाला त्यांना तीच चाल हवी होती.

मी दोन संध्याकाळींत मसुदा लिहून काढला. धुके, तिथे चुलीत जाळतात त्या पीट-मातीचा धूर, लेखणी, साखळदंड, सारे त्यात होते. माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलीने तो सोफ्यावर पालथे पडून वाचला आणि तिच्या इंग्रजीत विचारले, आई, इतका चांगला माणूस, मग त्याने छापले तरी नक्की काय?

बाईंनी तोंडी सांगितले त्यावरच मी मसुदा लिहिला होता. म्हणून मी फाइल उघडली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये जमीनदार आणि कुळे यांचा झगडा पेटला होता. खंड थकला की कुळाला घराबाहेर काढीत. ते परत घुसू नये म्हणून छप्पर पाडीत. कुळांनी संघटना केली आणि ठराव केला की अशी रिकामी झालेली जमीन दुसऱ्या कुणी घ्यायची नाही. जो घेईल त्याच्याशी कुणी बोलायचे नाही, त्याला काही विकायचे नाही, त्याच्या शेतावर राबायचे नाही. पणजोबांच्या साप्ताहिकात दर आठवड्याला असे ठराव छापून येत, आणि ठरावांत नावे असत. गाव, माणूस, त्याने घेतलेला तुकडा. सरकारने खटला भरला तो राजद्रोहाचा नव्हता. छापील शब्दांनी माणसांना धाक घातल्याचा होता. शिक्षा झाली तीन महिन्यांची. ते सुटले तेव्हा टेकड्यांवर होळ्या पेटल्या आणि बँड वाजला.

फाइलच्या तळाशी साक्षींचा वृत्तांत होता. त्यात एक विधवा होती. घराला लागून असलेले एक कुरण तिने दोन गायींसाठी घेतले होते आणि दुसऱ्याच आठवड्यात तिचे नाव छापून आले होते. ते नाव मी इथे लिहीत नाही. पुरेसे छापून झाले आहे. कोर्टात तिला विचारले, तुला कुणी मारले का? ती म्हणाली, नाही. कुणी धमकी दिली? नाही. मग झाले काय? तिने सांगितले, "दुकानदार म्हणाला, पीठ संपलं. त्याच्या मागंच पोतं होतं. पोत्यावर मांजर बसलं होतं."

ते वाक्य मी पुन्हा वाचले. मला त्या पिठाचा वास येत होता.

मी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात काकांकडे गेले होते. काकांनी गावकीच्या मर्जीविरुद्ध चुलतभावाच्या आंतरजातीय लग्नाला हजेरी लावली होती, आणि गावाने आमचे घर वाळीत टाकले होते. मला यातले काही ठाऊक नव्हते. काकूने दळणाचा डबा माझ्या डोक्यावर दिला. गिरणीत मी तो रांगेत ठेवला. गिरणीवाल्याने माझ्यामागचा डबा घेतला, मग त्याच्यामागचा. तो रागावला नाही, काही बोललाही नाही. पट्टा फटफटत होता, त्याच्या पापण्यांवर पिठाची पांढरी साय होती, आणि कोमट पिठाचा तो सुंदर वास सगळ्यांच्या डब्यांतून येत होता. दुपारी गिरणी बंद झाली तेव्हा माझे गहू गहूच होते.

दुसऱ्या दिवशी मी मसुदा फाडला आणि बाईंना सांगितले की सहावा फलक त्या विधवेचा असेल.

त्या चिडल्या. एरवी हळू बोलणाऱ्या बाईंचा आवाज कपाटांपर्यंत गेला. "घरं कशी पाडली ते वाचलंस ना? आजारी माणसं खाटेसकट पावसात ठेवली. आमच्याकडे बंदुका नव्हत्या. आमच्याकडे फक्त ती यादी होती."

"ते पहिल्या पाचही फलकांत येईल," मी म्हटले. "एक शब्द कमी करणार नाही. पण मांजरही खरं आहे."

"ते तुरुंगात गेले, ती गेली नाही."

"ते तीन महिन्यांनी सुटले, बाई."

त्यांनी चहा तसाच ठेवला आणि उठल्या. दारातून म्हणाल्या, तुझ्या मनाला येईल ते छाप. त्यानंतर चार दिवस त्या मधल्या सुट्टीत आल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये दिसल्या की भिंतीवरच्या सूचना वाचू लागत. मला वाईट वाटले, पण मी डळमळले नाही. कवितेने मला एवढे तरी शिकवले आहे की ओळ बरोबर बसली की ती हातालाच कळते. कुणाच्या होकारासाठी ती अडून बसत नाही. आणि मला पणजोबांना खाली खेचायचे नव्हते. छप्पर गेलेल्यांसाठी तो माणूस खरोखर उभा राहिला होता. त्याच उभ्या राहण्याची सावली एका बाईच्या, दुकानात उधारी नसताना, भांडण नसताना झालेल्या अपमानावर पडली होती, आणि ती सावलीही त्याचीच होती.

फलक छापायला मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गेले. गॅरेजांच्या मधल्या गाळ्यात शाईचा गरम, प्लास्टिकसारखा वास होता. छपाई करणारा पेशावरचा प्रौढ माणूस सहावा फलक उजेडात धरून म्हणाला, "मॅडम, बाकी सब में साहब लोग, और इसमें बिल्ली?" मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत सगळी गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, फलकावरचा एक बारीक बुडबुडा अंगठ्याने सावकाश कडेपर्यंत दाबत नेला, आणि इतकेच म्हणाला की ये तो हर जगह होता है. मग कागदात गुंडाळून दोरी बांधली आणि यल्ला, खलास, म्हणजे चला, झाले, म्हणत गाडीत ठेवून दिला.

बुधवारी नववीचा वर्ग प्रदर्शनाला आला. बाई बोलणार होत्या. त्या काय बोलतील, आणि सहाव्या फलकापाशी थांबतील की नाही, मला ठाऊक नव्हते. पहिल्या पाच फलकांवर त्या जशा बोलल्या, तसे बोलताना मी त्यांना अकरा वर्षांत ऐकले नव्हते. पडलेली छपरे, छापखान्यातला दिवा, तुरुंगातून आणलेला फोटो. मग बाई विधवेच्या फलकासमोर आल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या.

"या बाईच्या वंशजांचा माझ्या गावात पेट्रोल पंप आहे," त्या म्हणाल्या. "मी साठ वर्षांची आहे. आमच्या घरातल्या कुणी तिथं कधीही पेट्रोल भरलेलं नाही. मीही नाही. का, ते मी पहिल्यांदा काल विचारलं, भावाला फोन करून. तो म्हणाला, आपण भरत नाही, एवढंच."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मग मिस, तुम्ही भरता कुठे?"

"पंधरा किलोमीटर पुढे."

वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांचा गळा लाल झाला होता. ती मुलगी खाली बसली नाही. तिने विचारले की आता काय करणार.

"जुलैत जाते आहे. विमानतळावर भाड्याची गाडी घेईन, आणि गावात पोचेपर्यंत टाकीत जेमतेम थेंब उरतील अशी काळजी घेईन."

घंटा झाली. मुले खुर्च्या सरकवीत गेली, त्यांच्या दप्तरांतल्या केळ्यांचा आणि सनक्रीमचा वास मागे रेंगाळला. बाई फलकांसमोरच उभ्या होत्या. पणजोबांचा फोटो मी मान म्हणून सगळ्यांच्या वर, जवळजवळ छताशी लावला होता.

"तो फार उंच आहे," त्या म्हणाल्या. "खाली घे. तिच्या शेजारी."

मी स्टूल ओढले, आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरले.