पंचवीस वॅटचा चहा

कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर टेकण्याआधी ते जवळची एखादी वस्तू उलटी करत. मिक्सर, इस्त्री, केतली, हाताला लागेल ती. बुडाची पट्टी वाचून यजमानाला विचारत, "व्होल्ट किती, अँपिअर किती?" जणू मुलाबाळांची खुशाली.

विद्यानगरात आमची घरं समोरासमोर. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ. त्यांच्या घरचा रिवाज असा, की पाहुण्याने आधी केतलीचा रोध आणि शक्ती सांगायची, मगच चहा. त्यामुळे गल्लीतली माणसं त्यांच्याकडे घरूनच चहा पिऊन जात. मी तर कायम पित्ताचं कारण सांगायचो.

पुढे त्यांच्या मुलीचं आणि माझ्या भाच्याचं जमलं. दोघंही दिलसुखनगरला एका क्लासमध्ये शिकवत. ती गणित, हा इतिहास. आता फक्त वडिलांचा होकार हवा होता, आणि त्याची वाट केतलीतून जात होती. ती त्याची तयारी करून घेणार होती, पण मी म्हटलं, मामा कशाला आहे? त्याला त्यांच्याकडे घेऊन येताना रिक्षातच पढवलं : गुणाकार केला की रोध, भागाकार केला की शक्ती. संसारात रोध कायम जास्त आणि शक्ती कमी, हा माझा अनुभव. त्यावरूनच सूत्र बसवलं.

केतली समोर आली. दोनशे तीस व्होल्ट, आठ अँपिअर. भाचा छातीठोक म्हणाला, "रोध अठराशे चाळीस ओहम. शक्ती पावणेएकोणतीस वॅट."

मुलीने कपाळाला हात लावला. नेमकं उलटं झालं होतं. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारल्यावर भाच्याने माझं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. मी पंखा न्याहाळत होतो.

ते बराच वेळ बोटांवर हिशोब करत राहिले. मग म्हणाले, "आमची केतली ही नव्हे. पण अशी केतली असू शकते. रोध एवढा वाढवला, तर शक्ती बरोब्बर एवढीच उरते. फक्त चहा कधी होईल, ते विचारू नका."

त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, दया आली. त्या गॅसवरचा चहा घेऊन आल्या. भाच्याने कप परत केला.

"नक्को काकू. माझ्या उत्तराचाच घेतो."

ते तरुणासारखे उठले. टेबललॅम्पची टोपी काढली, जुना पिवळा दिवा वर वळवला आणि त्यावर पाणी आणि चहापत्ती घातलेली स्टीलची वाटी टेकवली. "पंचवीसचाच आहे. पावणेचार वॅट कमी पडतील, माफ करा."

आम्ही बसलो. भाच्याने इतिहास सांगत कुतुबशाही संपवली, निजामापर्यंत आला. मध्ये वीज गेली, आली. दिवेलागणीला वाटी कोमट झाली. वर चहापत्ती तरंगत होती. भाचा तळापर्यंत प्यायला.

ते काकूंना म्हणाले, "ऐकलंस का? पोरगा थांबतो. पुढचं बोलून घे."

ते जाऊन आता वर्ष होत आलं. परवा कुकटपल्लीला भाच्याकडे गेलो. टेबलावर तीच केतली. बसण्याआधी माझा हात आपोआप गेला. पट्टी वाचायला उलटी केली आणि भरलेलं पाणी सगळं माझ्या विजारीवर. नशीब, गार होतं.

भाचेसून फडकं घेऊन आली. हसत होती, आणि त्याच फडक्याने डोळेही पुसत होती.

"मामा, बाबा आधी झाकण उघडून बघायचे." मग केतली पुन्हा भरून तिने माझ्यासमोर ठेवली. "आता सांगा. व्होल्ट किती, अँपिअर किती?"

"मला पित्त आहे," मी म्हणालो.