अब्बांनी ओतलेली फरशी

आमच्या पेठेच्या तोंडाशी बँकेची नवी इमारत उभी राहिली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिला नावं ठेवली. कमान नाही, कळस नाही, वर सपाट छत आणि समोर सिमेंटची जाळी. "बँक हाय का खुराडं?" असं लोक तोंडावर विचारायचे. अब्बांना फार लागायचं. ते गवंडी, आतली मोझॅकची फरशी त्यांची. संगमरवराचे खडे सिमेंटात कालवून जागेवरच ओतलेली, मग गुडघ्यांवर बसून दगडानं घासलेली. दारापासून काउंटरपर्यंत पायाला सांधा म्हणून लागायचा नाही.

त्या फरशीवर ते चपला घालून कधीच गेले नाहीत. शिपाई ओरडायचा, "पावणं, देऊळ न्हाय हे! घालून या की!"

"तुला काय कळतंय? गप बस," अब्बा म्हणायचे. त्यांचं बघून शेजारच्या उचगावातनं बँकेत येणारी माणसंही दारात चपला काढायला लागली.

पुढं काचबिंदूनं अब्बांची नजर गेली, आणि त्याच वर्षी बँकेनं फरशी उखडली. शाळेत शिकवून परत येताना मी रस्त्याकडेला ढिगारा बघितला. हिरवे-तांबडे खडे, लगेच ओळखले. मेल्यांनी कुदळी घातल्या होत्या.

घरी अब्बांनी नेहमीसारखं विचारलं, "फरशी कशी हाय गं?"

"झ्याक हाय," मी म्हटलं. दोन वर्षं हेच म्हणत राहिले. खरं सांगायची छातीच झाली नाही.

मग त्यांनी हट्टच धरला. "एकदा चालव मला तिच्यावरनं."

आज सुट्टी आहे, उद्या गर्दी असेल, असं किती दिवस टाळणार? शेवटी नेलं. म्हटलं, दिसत तर नाही. गुळगुळीत लागली की झालं. अशी मी शहाणी!

दारात त्यांनी चपला काढल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून चार पावलं टाकली आणि थांबले. पायाचा अंगठा पुढं सरकवला, मागं आणला. नव्या लाद्यांना फुटाफुटावर सांधा होता.

"कवा काढली?"

मला रडूच फुटलं. "दोन वर्षं झाली, अब्बा."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मागं वळले. मला वाटलं, घरी निघाले. दारात त्यांनी पायानं चाचपून चपला शोधल्या, घातल्या आणि पुन्हा माझा हात धरला.

"चल, काउंटरपतोर जाऊन येऊ," म्हणाले. "आता काढायचं कारण न्हाय."