मोहाचं पहिलं फूल

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आता तरी का सांगतोय? देव जाणे, माझं मलाच कळत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी वडशाचा पोरगा, एम.एस्सी.ला होतो. एटापल्लीकडच्या एका गावात अभ्यासाला गेलो. हवामान बदलतंय का, मोहाचं फूल आधी गळायला लागलंय का — जुन्या नोंदींशी ताडून पाहायचं एवढंच. रोज पहाटे झाडाखाली जायचं, पहिलं फूल पडलं की तारीख लिहायची. सोपं ना? पण पहाटे मोहाखाली अस्वलं येतात, आणि मला अस्वलाची भीती — हसा खुशाल! गावच्या शाळामास्तरांच्या खोलीत उतरलो होतो, तिथेच पांघरूण ओढून पडायचो.

मग वहीत काय लिहिलं? पंडुमची तारीख. पंडुम म्हणजे मोहाची पूजा. ती झाल्याशिवाय गावात कोणी फुलाला हात लावत नाही. पूजेनंतर वेचायला टोपल्या निघाल्या, तोच माझा पहिल्या फुलाचा दिवस. हा आळस होता? घाबरटपणा? अजून माझं ठरत नाही.

सोमीबाई तिथली एकटी म्हातारी. तिचं झाड लांब, ओढ्यापलीकडे. तिचं वर्ष त्या मोहावरच निघायचं. पंडुमनंतर बैठक बसली. ती म्हणाली, फूल आता पूजेआधीच पडून सडते, पुढच्या सालापासून पूजा अलीकडे घ्या. कोणी ऐकेना. तिनं माझ्याकडे बोट केलं.

"ह्या बाबूले पुसा. तो रोज पायते. वहीत लिवलं असन."

रोज पाहतो! खरं सांगितलं असतं तर लोक हसले असते — बस, एवढंच ना? मी वही उघडली, उगाच पानं चाळली.

"फरक नाई, बाई."

"म्हातारे, तुले दिसून नाई राह्यलं आता," कोणीतरी म्हणालं. बैठक हसली. सोमीबाई रागावली नाही हो. तिनं पदरानं डोळे पुसले, पुन्हा पुन्हा पुसले, जणू खरंच दिसत नसावं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मी तिच्या झाडाखाली गेलो. तिनं झाडून बाजूला काढलेला ढीग होता. काळी, सडलेली फुलं, गुडघाभर. मी बघितली. वही मात्र तशीच ठेवली. प्रबंधात लिहिलं, स्थानिकांचा समज चुकीचा आहे. पहिला वर्ग मिळाला.

त्यानंतर तिनं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला की नाही, मला माहीत नाही. मी परत गेलोच नाही.