चोट्टीच्या बोडीचं नाव

आमच्या गावात दोन बोड्या आहेत. बोडी म्हणजे लहान तलाव, धानाला पाणी पुरावं म्हणून कोण्या काळी कोणीतरी खोदलेला. एकीला मोठी बोडी म्हणतात आणि दुसरीला चोट्टीची बोडी. ही दुसरी आमच्या शेताला लागून आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला धड नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'खालची बोडी' म्हणायचे. चोट्टीची हे नाव माझ्यामुळे पडलं. एवढं एक वाक्य लिहायला मला पस्तीसेक वर्षं लागली. तेही मी आपल्या मनानं लिहीत नाही, मला लिहायला लावलं गेलं आहे.

मी भंडाऱ्याची. घर शहरातलं, मास्तरकीचा कोर्स झालेला, आणि तोंड असं की माहेरी सगळे म्हणायचे, हिचं सासरी कसं होणार बाप्पा. सानगडीच्या बाजूचं हे गाव, घरची धानाची शेती, सासरे कडक. पहिल्याच वर्षी धानाच्या कापणीला मी हौसेनं विळा घेऊन बांधीत उतरले आणि अर्ध्या तासात बोट कापून घेतलं. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, अडवलेला धानाचा तुकडा. आमच्या बांधीत तेव्हा सात-आठ बाया मजुरीनं कापत होत्या. माझ्या शेजारी कापणारी बाई हातातला विळा टाकून आली, पदराची चिंधी फाडली आणि बोटाला घट्ट बांधली.

"शाळा शिकल्या सूनबाई, पन इळा नाई शिकल्या," ती म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, पण तिच्या बोलण्याचा राग यायचाच नाही. मूठ कशी धरायची, विळा कसा ओढायचा, कमरेला आराम कसा द्यायचा, हे सगळं मला तिनं शिकवलं. सासरी मला कोणी मैत्रीण असेल तर ती होती. तिला सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. नवरा वारलेला होता.

आता सरव्याचा नियम सांगायला पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं. कापलेलं धान दोन-तीन दिवस बांधीतच आडवं पसरून वाळवतात, त्याला कडपा म्हणतात. कडपा उचलून भारे बांधून नेले की खाली ज्या तुटक्या लोंब्या राहतात तो सरवा. सरवा कोणीही वेचावा, त्याला कोणी ना म्हणत नाही. पण कडपा उचलायच्या आधी त्यातली एक काडी जरी घेतली तरी ती चोरी. लहान पोरांनाही हे माहीत असतं. आणि संध्याकाळी घरी जाताना प्रत्येक कापणारीनं धुऱ्यावर थांबून ओटी सोडून झाडायची, अशी आमच्याकडे रीत होती. कोणावर शंका म्हणून नव्हे, रीत म्हणून.

त्याच कापणीत एके दिवशी दुपारी भाकर खाताना ती मला हळूच म्हणाली, "सूनबाई, पोरगी नवं कवा खायचं म्हनून माह्या मागं लागली आहे. सरवा मिळेपर्यंत गावातल्या साऱ्यायचं नवं होऊन जाते."

नव्या धानाचा भात देवाला दाखवून घरात सगळ्यांनी खायचा, ते नवं. तिच्या घरी आपल्या शेतातलं धान नव्हतंच, शेतच नव्हतं. मी म्हटलं, "मग घ्या की कडप्यातून. दोन मुठी घ्या."

"तुमचे मामाजी रागावतीन."

"मी सांगते ना त्यांना. तुम्ही घ्या."

ती ऐकत नव्हती, तर मी स्वतः उठले, कडप्यातल्या चांगल्या भरल्या लोंब्यांच्या दोन मुठी उचलल्या आणि तिच्या ओटीत घातल्या. मला फार बरं वाटलं. दुसऱ्याच्या धानावर उदार होणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळत नव्हतं. ओटीची गाठ तिनं मारली. सासऱ्यांना सांगायचं ते काम माझं होतं. दुपारभर ते धुऱ्यावरच होते. मी तीनदा पाणी घेऊन त्यांच्याकडे गेले आणि तीनदा तशीच परत आले.

संध्याकाळी बाया एकेक करून ओटी झाडून निघाल्या. तिची पाळी आली. तिनं गाठ सोडली आणि धान खाली पडलं. सरव्याच्या लोंब्या आखूड, तुटक्या, चिखलानं माखलेल्या असतात. या लांब देठाच्या होत्या, विळ्यानं सरळ कापलेल्या. कोणी काही बोलायची गरजच नव्हती.

"हा सरवा होय?" सासऱ्यांनी विचारलं.

त्यांनी एक लोंबी उचलून तिच्यासमोर धरली.

"कोनाले इचारून घेतलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दहा पावलांवर उभी होते, पाण्याचा रिकामा गुंड घेऊन. तिनं माझं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. मी सांगते म्हणाले होते ना, मग मी सांगेन, असं तिला वाटत होतं. मी गुंड कमरेवर घेतला आणि घराकडे चालायला लागले. मागून सासऱ्यांचा आवाज येत राहिला. ते तिला सगळ्या बायांसमोर चोट्टी म्हणाले. एकदा नाही, चारदा. मी मागे वळून पाहिलं नाही.

मी भित्री होते असं लिहिलं तर मला बरं वाटेल. पण मी भित्री नव्हते. चहात साखर कमी म्हणून मी सासूशी वाद घातलेला होता, आणि नवऱ्याशी तर लग्नानंतर आठव्या दिवशीच भांडले होते. ज्या भांडणांत माझं काही जात नव्हतं त्या भांडणांत मी वाघीण होते. इथे मला चांगली सून हे नाव नुकतंच मिळायला लागलं होतं, आणि ते सोडवेना.

दुसऱ्या दिवशी तिला कापणीला कोणी बोलावलं नाही. आमच्या घरचं जाऊ द्या, शेजारच्या शेतावर गेली तर तिथूनही परत पाठवली. मी सकाळीच ठरवलं होतं की सासऱ्यांना सांगायचं. पण सासूचं डोकं दुखत होतं, म्हटलं आज नको. तिसऱ्या दिवशी सानगडीचा बाजार, सासरे तिकडे गेले, आणि आले ते थकून. चौथ्या दिवशी ते जेवायला बसले आणि मी त्यांना वाढताना तोंड उघडलंही. "मामाजी," म्हटलं. "काय?" म्हणाले. मी म्हटलं, "भाजी वाढू का?"

पाचव्या दिवशी सकाळी ती खालच्या बोडीत सापडली. पाय घसरला असेल असं म्हणणारेही होते, आणि कितीतरी वर्षं मी त्यांच्या बाजूनं होते. पण बोडीत तेव्हा कमरेएवढंच पाणी होतं. कमरेएवढ्या पाण्यात धडधाकट बाई घसरून बुडत नाही.

नाव पडायला फार दिवस लागत नाहीत. एका हंगामात ते पडलं. मला आठवतं, माझा नवरा हात धुता धुता सहज म्हणाला, "ढोरं चोट्टीच्या बोडीवर पाजून आनली." त्याच्या मनात काही नव्हतं. मी ताट वाढलं. पुढे मी गावातल्याच शाळेत शिकवायला लागले. 'माझे गाव' या निबंधात दरवर्षी दहा-बारा पोरं लिहायची, आमच्या गावात चोट्टीची बोडी आहे. मी लाल पेनानं त्यांचं शुद्धलेखन सुधारायची आणि खाली सही करायची. लाज कशी वाटली नाही, हे मला विचारू नका. वाटत होती, आणि सही पण होत होती.

तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. आई गेल्यावर तिच्या मामानं, आईच्या भावानं, तिला सांभाळलं. तिच्या निबंधात मी एक वाक्य वाचलं होतं, 'आमच्या गावात दोन बोड्या आहेत, त्यातल्या एकीचे नाव मोठी बोडी आहे.' दुसरीचं नाव तिनं लिहिलं नव्हतं. मी तिला दहापैकी आठ मार्क दिले. ते का, ते मला आजही सांगता येणार नाही.

यंदा ग्रामपंचायतीनं गावातल्या तलाव-बोड्यांची नोंदवही करायचं काढलं. अक्षर चांगलं आणि रिकामपण भरपूर, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मदतीला अंगणवाडीची सेविका दिली. ती सेविका म्हणजे तीच मुलगी. आता तिच्याही केसांत पांढरं आलं आहे. वहीत प्रत्येक पाणवठ्याचे रकाने होते: नाव, कोणत्या बाजूला, पाणी केव्हापर्यंत, आणि शेवटचा रकाना, नाव कशावरून पडले.

मोठी बोडी झाली, दोन विहिरी झाल्या, मग आम्ही खालच्या अंगाला गेलो. धान कापून झालं होतं, बांध्या रिकाम्या होत्या. ती बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, बसली. मी उभ्यानंच वही उघडली आणि फार मोठ्या मनानं म्हटलं, "हे नाव आपण बदलून टाकू. कमळं आहेत, कमळाची बोडी लिहू. एकदा कागदावर आलं की लोकही तेच म्हणतील."

ती माझे आभार मानेल असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं.

"काहून?" तिनं विचारलं.

"तुझ्या आईसाठी."

"मायसाठी का तुमच्यासाठी?"

मग मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. दोन मुठी धान, ओटी, पाण्याचा गुंड, सगळं. रडले पण. तिनं मला रडू दिलं, समजूत काढली नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "मले माहीत आहे, बाई. त्याच दिवशी मायनं सांगतलं होतं. म्हने, सूनबाईनं देल्लं, सूनबाई सांगीन. कोनाजवळ बोलू नोको म्हने, तिले घरी बोलनं बसन."

"मग तू इतकी वर्षं..."

"तुमच्या तोंडून आयकायचं होतं. तुमी शाळेत रोज समोर राहत होत्या. मले वाटे, आज सांगतीन."

मी म्हटलं, आता तरी हे नाव काढून टाकू. तिनं मान हलवली. "नाव राहू द्या. नाव बदललं का लोक इसरून जातीन, अन् तुमी सुटून जासान. नाव तेच ठेवा. कशावरून पडलं ते लिहा. अन् ग्रामसभेत तुमीच वाचा. ओटी झाडाले लावली तवा चारचौघात लावली होती."

मी शेवटच्या रकान्यात लिहिलं. त्या बाईनं चोरी केली नव्हती. धान मी माझ्या हातानं तिच्या ओटीत घातलं होतं. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा मी बोलले नाही. खाली माझी सही केली आणि वही तिच्याकडे दिली. तिनं सावकाश वाचलं, वर्गात धडा वाचायची तसं, ओळीखाली बोट फिरवत.

"बाई, हे अर्धं आहे," ती म्हणाली. "त्याच्यानंतर तीन दिवस होते. शेजारच्या शेतावरून परत पाठवली तवापासून माय दारात बसून होती. जेवली नाई. कोनी रस्त्यानं आलं का उठून उभी राहे. मले म्हने, पाय वं, सूनबाई येऊन राहिली का. मी धावत जाऊन वळनापर्यंत पाहून येत होती."

तिनं वही परत माझ्या मांडीवर ठेवली. रकान्यात जागा उरली नव्हती. मी पान उलटलं आणि ते तीन दिवस लिहायला घेतले.