सिलुवयचं पान

पुष्पमचं घर तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्तीत, आणि पोट शहरातल्या एका कचेरीत. तिथे दिवसभर परदेशी प्रोफेसरांची गणितं संगणकावर पानांत बसवायची. समुद्रातल्या वादळात वस्तीतले जे बुडाले, त्यांचं स्मरणपुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा चर्चच्या अच्चननी, म्हणजे फादरनी, ते काम साहजिकच तिच्या गळ्यात घातलं. बुडालेल्या प्रत्येकाला एक पान.

लूर्दम्माच्या मुलाच्या, सिलुवयच्या पानावर लिहिलं होतं, की तो दारू पिऊन, कुणाचं न ऐकता होडी घेऊन गेला. गाव तेच बोलायचं. मग त्या वादळातून बचावलेल्या अँब्रोसने उशिरा का होईना लूर्दम्माजवळ तोंड उघडलं. सिलुवय शुद्धीत होता, अँब्रोसला शोधायला मागे फिरला म्हणूनच गेला. एवढं सांगून तो कोचीच्या बंदरात कामाला निघून गेला.

लूर्दम्मा पुष्पमकडे आली. "मोळे, पोरी, माझा पोरगा गेला तो गेला. त्याचं नाव तरी वर काढ."

पुष्पमने मजकूर बदलला. जुनं काही फेकायचं नाही, ही तिची सवय. तयार पानं ज्या फोल्डरात पडायची, त्यातच तिने जुना मजकूर त्याच नावाने ठेवून दिला आणि नेहमीचा हुकूम टाइप केला, की पानं त्या फोल्डरात ठेव. पण त्या हुकमाची खोड तिला ठाऊक नव्हती. जिथे ठेव म्हणाल, तिथेच तो आधी मजकूरही शोधतो. सुनेला भांडं दाखवावं आणि तिने त्यातलंच शिळं वाढावं, तसं झालं; पानावर जुनाच मजकूर बसला. वर कुरकुर म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे बुडालेल्यांसाठी प्रार्थना, छापखान्याची घाई. पुष्पमने नवा मजकूर पुन्हा वाचला, तयार पान काही उघडलं नाही.

मिस्सेत अच्चननी पानं वाचली. "दारू पिऊन" आलं तशा सगळ्यांच्या माना पुढच्या बाकाकडे वळल्या. लूर्दम्मा पदर डोक्यावर ओढून शेवटपर्यंत बसून राहिली.

पुष्पम तिच्या घरी गेली, तेव्हा ती कप्पाचे कंद सोलत होती. पुष्पमने फोल्डरासकट सगळं सांगितलं.

"मशीनचं मला काय सांगतेस? मशीन माझ्या दारावरून जाताना मान फिरवतं का?"

"मी घरोघर जाऊन सांगते, अम्मच्ची."

"जा. मी अडवत नाही."

पहिलं घर क्लेमेंटचं. त्याच्या बायकोने पुस्तक पवित्र मातेच्या तसबिरीखाली मांडलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, पण सुधारलेलं पान घ्यायला हात पुढे केला नाही.

"अच्चननी चर्चमध्ये अल्तारावरून वाचलंय, पुष्पम. तू दारात उभी राहून सांगतेस ते खरं धरू?"

वारा होता. पुष्पमने पान उंबऱ्यावर ठेवलं, त्यावर दगड ठेवला आणि ती शेजारच्या घराकडे वळली.