बावीस नंबरची शू

मिसेस काय करतात, असं अमेरिकेतल्या ट्रॉय गावात कुणी विचारलं की उल्हास देवळे सांगायचा, "युरॉलॉजी रिसर्चमध्ये आहे." वाक्य खोटं नव्हतं. फक्त त्यातून डुकरं गाळलेली होती.

त्याची बायको शरयू परभणीला शिकलेली, गुरांची डॉक्टर. वाशीमकडच्या एका सरकारी दवाखान्यात तिने अकरा वर्षं काढली होती. अडलेल्या म्हशी सोडवल्या, बैलांच्या लाथा खाल्ल्या, आणि एकदा आमदारांच्या कुत्र्याच्या पोटातून आमदारांचीच चप्पल काढली. मग उल्हासला गाड्यांच्या सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड मिशिगनला आलं. इथे तिच्या पदवीवर काम करायचं तर परीक्षा नव्याने द्याव्या लागणार होत्या. पन्नाशीला टेकल्यावर मांजराचे दात पुन्हा पाठ करण्यात तिला राम वाटेना. तेव्हा ग्रीन कार्ड हातात आल्यावर ती अर्ध्या तासावरच्या एका प्रयोगशाळेत जनावरांची देखभाल करायला लागली.

तिथलं काम असं. काही बाळांमध्ये मूत्रपिंडातून निघणारी नळी तोंडाशीच अरुंद असते. लघवी वरच तुंबते आणि मूत्रपिंड फुगत जातं. ती अरुंद जागा कापून काढायची आणि नळी पुन्हा जोडायची, तीही पोट न फाडता, तीन भोकांतून कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत घालून. बाळांवर हात चालवण्याआधी टाक्यांची नवी पद्धत डुकरांवर बसवून घेत होते, कारण आतली रचना बरीचशी माणसासारखीच. ऑपरेशन सर्जन करायचे. त्यानंतर डुकराचं खाणंपिणं, औषधं आणि लघवीच्या थेंबाथेंबाचा हिशेब शरयूकडे.

"म्हणजे नेमकं काय करतेस?" आईने फोनवर विचारलं होतं.

"डुकरांची शू मोजते."

आईने आधी "शिव शिव" म्हटलं. मग म्हणाली, "पण पर्मनंट आहे ना?"

तर या डुकरांमध्ये बावीस नंबरची एक मादी होती. गुलाबी, पापण्या लांब, आणि स्वभावाने एखाद्या मुख्याध्यापिकेसारखी. कुणी जवळ आलं की आधी आपादमस्तक न्याहाळणार, मग खाणार. तिचं ऑपरेशन डॉ. हॉलिस यांनी केलं. हॉलिसबाई सहा फूट उंच, आणि गेल्या वीस वर्षांत त्यांना कुणी "नाही" म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी काढली आणि सगळे वाट पाहू लागले.

नऊ वाजले, अकरा वाजले, एक वाजला. बावीस नंबर खाली बसेना, वाकेना, काही करेना. सोनोग्राफी केली तर मूत्राशय खरबुजाएवढं. यात चांगली बातमी अशी, की वरची जोडलेली नळी मोकळी होती, लघवी खाली उतरत होती. वाईट बातमी अशी, की ती बाहेर येत नव्हती, आणि आता उलट दाब बसून वरचे केसाएवढे टाके उसवण्याची भीती होती. हॉलिसबाईंनी तीन वाजेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर पुन्हा भूल, पुन्हा नळी.

पिंजऱ्याच्या काचेपाशी पाच जण उभे राहिले. हॉलिसबाई, दोन शिकाऊ डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि आकडे लिहून घेणारा एक गृहस्थ. सगळे डुकराच्या मागच्या भागाकडे अशा आशेने बघत होते, की विमानतळावर सामानाच्या पट्ट्याकडेही कुणी तसं बघत नाही. बावीस नंबरने एकदा मान वळवून या मंडळींकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

शरयूने आधी म्हशीचा उपाय केला. शेपटीखाली हलक्या हाताने चोळलं की म्हैस पाझरते. बावीस नंबरने तिच्याकडे असं पाहिलं, की शरयूने मराठीत माफी मागितली. मग तिच्या नाकाला जंतुनाशकाचा वास जाणवला. ऑपरेशननंतर तिला ठेवलेला हा पिंजरा वेगळा होता, सकाळीच धुतलेला. डुक्कर घाणेरडं म्हणून बदनाम, पण झोपायच्या आणि खायच्या जागी ते कधी घाण करत नाही. त्याची मोरी ठरलेली असते. इथे बिचारीची मोरीच कुणीतरी पुसून टाकली होती, आणि वर पाच जणांचा पहारा.

तिने हॉलिसबाईंना शांतपणे सांगितलं की सगळ्यांनी बाहेर जावं. बाईंना हे वाक्य समजायला जरा वेळ लागला. पण त्या गेल्या, आणि त्यांच्यामागे बाकीचे.

शरयूने कचऱ्याच्या पिशवीतून जुन्या पिंजऱ्यातला ओला भुसा शोधून काढला आणि कोपऱ्यात पसरला. बादलीवरचा नळ बारीक सोडला. मग डुकराकडे पाठ करून उभी राहिली आणि मोरीवर धरलेल्या तान्ह्या बाळाला म्हणतात तसं म्हणाली, "शूऽऽऽ."

काही नाही.

"शूऽऽऽ, बाळा. कुणी नाही बघत."

मागे खुरांचा आवाज झाला. बावीस नंबर कोपऱ्यात गेली, भुसा हुंगला, मागचे पाय वाकवले, आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. खालच्या ट्रेमध्ये एक लिटर दोनशे मिली जमलं. काचेबाहेर लपून ऐकणारा भूलतज्ज्ञ तेवढ्यात घाईघाईने स्वच्छतागृहाकडे गेला.

नोंदीच्या कागदावर "केलेला उपाय" असा रकाना होता. शरयूने लिहिलं: शू. पण हॉलिसबाई शास्त्राच्या पक्क्या. शू म्हणजे किती सेकंद, किती उंच आवाजात, किती अंतरावरून, हे सगळं त्यांना हवं होतं. शेवटी त्यांनी शरयूचा आवाज रेकॉर्ड करून घेतला आणि पुढच्या नऊ डुकरांना ऐकवला. सातांनी दहा मिनिटांत काम उरकलं. महिन्याच्या मीटिंगमध्ये तो आवाज स्पीकरवर वाजवला, तेव्हा एका वयस्कर प्रोफेसरांनी पायावर पाय घट्ट टाकला आणि तिघे जण एक्स्क्यूज मी म्हणून उठले.

शिकाऊ डॉक्टरांपैकी एक होती अनिका. तिची आई महाराष्ट्र मंडळाची चिटणीस, त्यामुळे संक्रांतीपर्यंत ही गोष्ट सगळ्या ट्रॉयभर झाली. उल्हासचं युरॉलॉजी उघडं पडलं. हळदीकुंकवाला दोन बायकांनी शरयूला बाजूला घेऊन आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगितल्या. ती सांगत राहिली, की मी फक्त डुकरांचं बघते. त्यावर एक जण म्हणाली, "तेच गं, फार फरक नाही."

पांढरीपांडे काकांना मात्र हे आवडलं नाही. काकांनी चौतीस वर्षं मोटारींच्या इंजिनांवर काम केलेलं, मंडळाचे ते सर्वांत जुने सभासद. तिळगुळाच्या ताटापाशी असले विषय नकोत, असं त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने भिंतीला सांगितलं.

मार्चमध्ये काकांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं.

दोन दिवसांनी शरयू खाद्याच्या पोत्यांमध्ये उभी राहून वजन करत होती, तेव्हा काकांच्या बायकोचा, उत्तरा काकूंचा फोन आला. काकू आधी हवेबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या की यांची नळी सकाळी काढली, अजून काही नाही, नर्स म्हणते बारापर्यंत झालं नाही तर परत घालणार, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेत, कुणाशी बोलत नाहीत.

"खोलीत कोण कोण आहे, काकू?"

मुलगा होता, सून होती, नर्स होती, काकू होत्या, आणि कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहणारी मुलगी व्हिडिओ कॉलवर होती.

"आधी सगळ्यांना बाहेर काढा. मुलीलाही. मग बेसिनचा नळ बारीक सोडा. आणि काकांना उभं राहू दे, नर्सला विचारून."

पलीकडे हालचाल झाली, दार लागलं, पाणी वाजू लागलं. काकू कुजबुजत म्हणाल्या, "आणि ते, शरयू? ते तुझं?"

शरयूने आजूबाजूला पाहिलं. पोत्यांखेरीज कुणी नव्हतं. फोन स्पीकरवर ठेवायला सांगून ती म्हणाली, "शूऽऽऽ."

बराच वेळ फक्त नळाचा आवाज. मग काकांचा आवाज आला, दुरून पण स्वच्छ. "शरयू, काकूला बाहेर जायला सांग."

काकू गेल्या. फोन तिथेच राहिला. शरयू डोळे मिटून, खाद्याच्या पोत्याला टेकून, वडिलांच्या वयाच्या माणसासाठी शू म्हणत राहिली. हसू आलं तर सगळं फिसकटेल म्हणून तिने गाल आतून दाताखाली धरला होता. पाचव्या की सहाव्या वेळेला पलीकडून आणखी एक आवाज नळाच्या आवाजात मिसळला. आधी तुटक, मग धीट.

काका घसा खाकरून म्हणाले, "फ्लो सुरू झाला आहे."

"बरं काका," ती म्हणाली, आणि फोन ठेवून पोत्यावरच बसली.

पुढे हॉलिसबाईंचा लेख छापून आला. लेखकांमध्ये शरयूचं नाव पाचवं होतं. उपायाचं वर्णन त्यात "पश्चिम भारतातील एक पारंपरिक ध्वनी-संकेत" असं केलेलं होतं. तिने तो आईला वाचून दाखवला, तेव्हा आई म्हणाली की तुला शू म्हणायला मी शिकवलं, माझं नाव कुठाय.

एप्रिलच्या एका रविवारी काका-काकू घरी आले. काकूंनी कोथिंबीर भरलेली सांबारवडी आणली होती. काका कोचावर ताठ बसून उल्हासशी इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल बोलत राहिले. दुसऱ्यांदा वडी घेताना शरयूकडे न बघता त्यांनी विचारलं, "ते जनावर कसं आहे?"

तिने सांगितलं की टाके छान जुळले, मूत्रपिंडाची सूजही उतरली आहे.

"बरं झालं," काका म्हणाले, आणि वडी संपवली. मग हात पुसत बाथरूम कुठे आहे विचारलं. शरयूने बोट दाखवलं. दार लागल्याबरोबर काकू मोठ्याने दह्याच्या विरजणाविषयी बोलू लागल्या, शरयू तितक्याच मोठ्याने हो हो म्हणू लागली, आणि उल्हासने कुणी न सांगता टीव्हीचा आवाज वाढवला.